मानकोटचे भोयर

“पाहून घ्या ताई. अक्षर चुकलं असंल तं आताच सांगा. एकडाव पेंट वाळला का मंग घासत बसा लागते,” अमृतराव म्हणाले.

मानकोटच्या महादेवाच्या देवळासमोर विटांच्या दोन थप्प्यांवर फलक टेकवून ठेवला होता. पत्र्याचा, निळ्या रंगाचा, चार फूट लांब. वर तेलुगूत देवळाचं नाव, खाली मराठी मजकूर. आदिलाबादहून आणलेला पेंटर यादगिरी उकिडवा बसून समोरच्या कागदावरून मराठी उतरवत होता. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. प्रत्येक अक्षर तो आधी नीट न्याहाळायचा, मग चित्र काढावं तसं काढायचा.

पहिल्या ओळीत शिळेचं शतक होतं. दुसऱ्या ओळीत ती कोणी आणि कशासाठी कोरवली ते होतं. तिसरी ओळ ओली होती : ‘ही शिळा गावाला प्रथम वाचून दाखवणारे कै. पांडुरंगराव भोयर यांच्या स्मरणार्थ.’

अक्षर एकही चुकलेलं नव्हतं.

“काऊन ताई? काही ऱ्हायलं का?” अमृतरावांनी विचारलं. “साहेब लिवायचं होतं का? आमी म्हनलं, साहेब तं सगळ्यायलेच लिवते. रावच बरं दिसते.”

“जरा थांबवता का याला?” मी म्हणाले. “मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या आईसमोर, आत्याबाईंसमोर.”

“मेडम, जल्दी बोलो,” यादगिरी मान वर न करता म्हणाला. “धूप में पेंट पकडता नहीं, सूख जाता.”

माझ्या वडिलांचं नाव दौलत मारोती पाझारे. ते पुरातत्त्व खात्यात अटेंडर होते. शिलालेखांचे ठसे घेणं हे त्यांचं काम. साहेब लोक जीपमधून येत, शिळा बघत, आणि पुढच्या गावाला जात. बाबा मागे राहत. शिळेवरची तेलाची पुटं काढायची, तीही लोखंड न लावता, रिठ्याच्या पाण्यानं आणि नारळाच्या शेंडीनं. मग ओला कागद चिकटवायचा आणि ब्रशानं ठोकत राहायचं, कागद प्रत्येक अक्षराच्या खळग्यात बसेपर्यंत. कागद किती वाळला ते बाबा गाल जवळ नेऊन पाहत. मग शाईत भिजवलेली कापडाची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवायची. अक्षरं पांढरी राहतात, बाकी सगळं काळं होतं. चांगल्या दोन प्रती कार्यालयात जात. बिघडलेली प्रत बाबा घरी आणत. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्याच कागदांची कव्हरं असत. वर्गातल्या मुली म्हणत, हिची पुस्तकं सुतकातली.

इतरांच्या मुली सुट्टीत मामाकडे जात. मी बाबांबरोबर सिरपूरचा किल्ला बघितला, उटनूरची गढी, निर्मलचे बुरूज बघितले. नकाशावर ज्यांना ठिपकासुद्धा नाही अशी कितीतरी गावं बघितली. तिथे पडका कोट आणि एक काळ्या दगडाचं देऊळ असे, देवळात कबुतरं असत. बाबा सातवी शिकलेले. जुनी लिपी त्यांना वाचता येत नसे. पण कुठलं अक्षर कुठे तुटलं आहे ते बोटांना पाठ असे. छप्पन साली आमच्या घरातले देव निघाले, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी कुठल्याही देवळात हात जोडले नाहीत. गाभाऱ्याकडे पाठ करून ते शिळेसमोर बसत.

मानकोट आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. मी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा तिथे गेले. बसमध्ये बाबांनी मला खिडकीकडून आपल्याकडे वळवलं.

“तिथं मले पांडुरंगराव भोयर म्हंतात,” ते म्हणाले. “तू मले बाबाच म्हन. बाकी कोनी काही इचारलं तं बोलू नको.”

“भोयर तर तुमचे हेडक्लार्क आहेत.”

“हो.”

“मग?”

“मंग काही नाही. खिडकीतून पाय.”

मी दिवसभर बोलले नाही. पटेलांच्या घरी, म्हणजे याच अमृतरावांच्या घरी, त्यांची आई जयवंताबाई मला खोदून खोदून विचारत होती. आईचं नाव काय, भाऊ किती, मामाचं गाव कोणतं. मी भाकरीकडे बघत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, “काय हो भोयर, पोरगी मुकी हाय का?” बाबा हसले. हसण्यासारखं होतं त्याहून जास्त हसले. पुढे कितीतरी वर्षं त्या गावात मी ‘भोयराची मुकी’ होते. बाबांना मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. आमच्या घरात काही गोष्टी विचारायच्या नसत.

ते मला आईकडून कळलं, अगदी अलीकडे, बाबा गेल्यावर पाचव्या आठवड्यात. कारण एक पोस्टकार्ड आलं.

कार्ड अमृतरावांचं होतं : देवळासमोर शिळेचा फलक लावतो आहोत, त्यावर तुमचं नाव घालायचं आहे. पत्ता कार्यालयाचा होता. ‘ठसे घेणारे, लहान मुलीला सोबत आणणारे पांडुरंगराव भोयर, हयात असल्यास त्यांना, नसल्यास घरच्यांना.’ खरे भोयर केव्हाच निवृत्त झाले होते आणि ठणठणीत होते. रोज सकाळी आमच्याच गल्लीतून दूध आणायला जात. कार्यालयातल्या जुन्या शिपायानं कार्डावरची ‘लहान मुलगी’ ओळखली आणि ते मला ग्रंथालयात आणून दिलं. मी तिथे काम करते. मी अमृतरावांना चार ओळींचं उत्तर लिहिलं. वडील डिसेंबरात गेले. फलक होण्याआधी मी येऊन जाईन. खाली फक्त माझं नाव लिहिलं, आडनाव नाही. आडनाव का गाळलं, ते मला पत्र पेटीत टाकल्यावर उमगलं.

त्या संध्याकाळी आईनं सांगितलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाबा भर दुपारी मानकोटला पोचले. देवळाची किल्ली पटेलाच्या घरी होती. दारात उभं राहून त्यांनी किल्ली मागितली आणि पाणी मागितलं. घरातून बाई पाण्याचा लोटा घेऊन आली. उंबरठ्यावर थांबली. लोटा तिच्या हातात होता आणि तिनं विचारलं, भाऊ, नाव काय तुमचं?

“तुह्या बाबाले काही सुचलं नाही,” आई म्हणाली. “कार्यालयातून निघताना भोयरनं सही केलेला कागद खिशात होता. तेच नाव तोंडात आलं. म्हने, विमल, लोटा हातात आला तवा मले समजलं का आपन काय केलं. पन तवा पानी पिऊन झालं होतं.”

“मग परत कशाला जात राहिले? एकदा ठसा घेतल्यावर काम संपलं होतं.”

“लोकायनं इचारलं होतं ना, काय लिवलं हाय म्हून. हे म्हनले, सांगतो. साहेबानं हैदराबादेत वाचलं, इंग्रजीत छापलं. गावाले सांगाले कोन जाते? हे गेले. सोताच्या तिकिटानं.”

खात्याच्या त्या अहवालाची प्रत आमच्या ग्रंथालयात आहे. मानकोटला त्यात दीड पान आहे. साहेबांचं नाव आहे, छायाचित्रकाराचं आहे. ठसा कोणी घेतला ते नाही. तेवढं लिहायची पद्धतच नव्हती.

“आता जाशीन तं काही बोलू नको,” आई म्हणाली. “त्याह्यले त्या गावात सुख होतं. कोनत्या नावानं होतं ते काऊन पाहतं?”

मला तेव्हा आईचं पटलं होतं. बसमध्येही पटत होतं. पण फलकावर ‘कै.’ हे अक्षर ओलं चमकताना पाहिलं, आणि वाटलं, बाबा इथे नाहीत. इथे दुसराच कोणी वारला आहे.

अमृतरावांच्या घरी जेवणाची तयारी होती. त्यांनी काही ऐकून घेतलं नाही. आधी भाकर, मग बोलणं. त्यांची बायको गयाबाई वाढत होती. जयवंताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांत फूल पडलेलं, पण आवाज तोच.

“आली का मुकी?” त्या म्हणाल्या. “ये माय. बस. तुह्या बापाची जागा थे, खांबापाशी. भोयर तिथंच बसे.”

मी खांबापाशी बसले. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती. जयवंताबाई बोलत होत्या. शिळेवर धनाची खूण आहे असं सगळ्या गावाला वाटायचं. दोघा-तिघांनी तर पहारी आणून ठेवल्या होत्या. दुसऱ्या वर्षी शिवरात्रीला भोयर आले, वहीतून वाचून दाखवलं. कोण्या राजाच्या माणसानं देवाच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून एक वावर दिलं होतं.

“आमचे पटेल म्हनले, बस? तेलाचीच गोष्ट? एवढ्या मोठ्या दगडावर?” त्या हसल्या. “तं भोयर म्हने, पटेल, आठशे वर्सं झाले, राजा गेला, वावर गेलं, अन् तेलाचं कोनं तरी लिवून ठेवलं म्हून आज माईत झालं. मंग दर शिवरात्रीले लोक म्हनत, वाचा. दरसाल तेच. तरी लोक आयकत. देवाले मात्र हात नोयता जोडत तो. मी म्हनो, सरकारी मानूस हाय, दगडाचाच भक्त.”

मी हात धुतले. गयाबाई ताट उचलायला वाकली, तिला म्हणाले, थांबा वहिनी, तुम्हीही बसा.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “बाबांचं नाव भोयर नव्हतं.”

अमृतराव सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

मी सगळं सांगितलं, थोडक्यात. नाव, आडनाव. आम्ही बौद्ध. आजोबा बेल्याकडे दुसऱ्यांच्या वावरात राबत. त्र्याहत्तरची दुपार, उंबरठा, लोटा. माझा आवाज ग्रंथालयात तारीख उलटून गेलेल्या पुस्तकाबद्दल बोलावं तसा येत होता. दुसऱ्या आवाजात बोलले असते तर पूर्ण करता आलं नसतं.

बाहेरून कापसाची गाडी गेली.

“पंधरा-सोळा वर्सं,” जयवंताबाई म्हणाल्या. “त्या खांबापाशी बसून जेवला. माह्या चुलीतला इस्तू घेऊन बिडी पेटवली. अन् मले खोटं नाव सांगितलं.”

“हो.”

“एकडाव तं सांगाचं. दहा वर्सानं सांगाचं. मी काय खाल्लं असतं का त्याले?”

“आई,” अमृतराव म्हणाले.

“तू थांब.” त्यांनी पदर डोक्यावर ओढला. “मीच इचारलं होतं. मले याद हाय. वैशाखाचं ऊन होतं, त्याचे ओठ फाटले होते. तरी मी आदी नाव इचारलं. खरं सांगतो, पोरी. त्यानं खरं नाव सांगितलं असतं तं मी लोटा हातात नसता देला. वरून ओतलं असतं. अन् किल्ली बी नसती देली. तवा तसंच होतं. मले वाईट बी नसतं वाटलं.”

मी रागानं गेले नव्हते, आणि त्यांनी जे सांगितलं ते आईच्या बोलण्यावरून मला आधीच कळलेलं होतं. तरी ते त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. त्या उठल्या. भिंतीच्या आधारानं आतल्या खोलीत गेल्या.

अमृतराव मला देवळापर्यंत सोडायला आले. वाटेत ते बोलत होते, पण माझ्याकडे न बघता, कोटाच्या पडक्या भिंतीकडे बघत.

“मले काही नाही ताई. माह्या पोराचा मास्तर तुमच्यातलाच हाय, घरी येते, चहा घेते. पन देवळाच्या कमिटीत अकरा लोक हायत. अन् शिवरात्र आठ रोजावर. कोनी म्हनंल, गाभाऱ्यापाशी आठ-आठ दिवस बसला होता तो मानूस. उगंच जुनं उकरून काढतीन.”

“मला कळतं.”

“असं करू का? नावच नको. ‘पुरातत्त्व खात्याचे कर्मचारी’ असं लिवू. कोनाले काही नाही. तुमाले बी नाही, आमाले बी नाही.”

हे ते भल्या मनानं म्हणत होते. अहवालातही तसंच होतं, कोणाला काही नाही.

“नको,” मी म्हणाले. “लिहायचं तर त्यांचं लिहा. दौलत मारोती पाझारे. नाहीतर ती ओळ राहू द्या. पण भोयर पुसा. ते जिवंत आहेत.”

“काय?”

“खरे भोयर. आमच्या गल्लीत राहतात.”

अमृतराव क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू आलं. मलाही आलं. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसत होते, तेही बाबांच्या फलकासमोर. यादगिरी आमच्याकडे संशयानं बघत होता.

“यादगिरी,” अमृतराव म्हणाले, “तिसरी लाइन पोंछ डालो.”

“पूरा?”

“पूरा.”

“उसपे क्या लिखना?”

अमृतरावांनी देवळाकडे पाहिलं, पाराकडे पाहिलं. पारावर चार-पाच माणसं बसली होती आणि ती आमच्याकडे बघत होती. “अभी कुछ नहीं,” ते म्हणाले. “बुधवारको मीटिंग है.”

यादगिरीनं तेलुगूत काहीतरी पुटपुटत चिंधी रॉकेलमध्ये बुडवली. आधी ‘स्मरणार्थ’ गेलं, मग ‘यांच्या’. भोयर सहज गेले नाहीत, कारण ते आधी लिहिलेले आणि जास्त वाळलेले होते. त्याला दोनदा घासावं लागलं. निळ्यावर पांढुरका डाग राहिला.

मी गाभाऱ्यापाशी जाऊन शिळा पाहिली. बाबांनी घासून घासून स्वच्छ केलेल्या अक्षरांवर पुन्हा तेलाची आणि काजळीची पुटं चढली होती. मी हात लावला. हात जोडले नाहीत.

पिशवी अमृतरावांच्या घरी राहिली होती. ऑटो तिठ्यावर थांबला होता. मी पिशवी घ्यायला गेले तेव्हा जयवंताबाई बाहेर ओट्यावर येऊन बसल्या होत्या. समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे ऊन खात होते. आत जाऊन मी गयाबाईला सांगून पिशवी घेतली. बाहेर येऊन आत्याबाईंना म्हणाले, येते मी. त्यांनी मान हलवली नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल.

मी ओट्याच्या पायऱ्या उतरले.

“घरी माह्यं नाव काय घे तो?” मागून त्यांनी विचारलं.

मी वळले. “जयवंताक्का. म्हणत, जयवंताक्काची भाकर जाड असते, पण चुलीवरून उतरली की थेट ताटात येते.”

“जाड,” त्या म्हणाल्या. “आक्का म्हने?”

“हो. मी तुम्हाला आत्याबाई म्हणते ते त्यांनीच शिकवलं.”

त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. फूल पडलेल्या डोळ्यांना हात किती दिसत होते कोण जाणे.

“अन् त्याचं? मघाशी सांगितलं, माह्या ध्यानात नाही ऱ्हायलं. पुन्यांदा सांग.”

“दौलत. दौलत मारोती पाझारे.”

त्यांचे ओठ हलले. पहिलं नाव जमलं, दुसरं जमलं, आडनावाशी त्या अडखळल्या. मी परत सांगितलं. त्या परत म्हणाल्या, या वेळी नीट.

मग त्यांनी दाराकडे तोंड केलं. “व गया, दौलतभाऊची पोरगी निघाली. तिले रिकामी नोको पाठवू. शेंगा बांध थोड्या.”

आत भांड्यांचा आवाज चालू होता. “कोनाची?” गयाबाईनं विचारलं.

समोरच्या ओट्यावरचे दोघं बोलायचे थांबले होते. जयवंताबाईंनी भिंतीला धरून पाठ सरळ केली आणि मघापेक्षा मोठ्यानं, पूर्ण नाव सांगितलं.